उतारावरचा पोळा

आमचं दुकान उतारावर आहे. वर मारुतीचा चौक, खाली बाजारओळ आणि नाला, मधे दोन्ही अंगांना दुकानं, असा हा उतार आमच्या गावाच्या ऐन मध्यात पडतो. वर्धा जिल्ह्यातलं गाव आहे, एवढंच सांगते. नाव सांगितलं तर उद्या अर्धं गाव माझ्या दारात भांडायला येईल, आणि मीही मागे हटणारी नाही, मग दुकान उघडायचं राहूनच जाईल.

दुकान बैलांच्या साजाचं. घुंगरमाळा, वेसणी, कासरे, झुली, शिंगांचे गोंडे. शिवाय भिंतीला टेकवून ठेवलेल्या सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी, कुदळी, फावडी. आता कोण घेतं बैलांचा साज, असं पाहुणे विचारतात. घेतात. बैलजोड्या कमी झाल्या, पण ज्यांच्याकडे आहेत ते पोळ्याला स्वतःला नवा सदरा घेणार नाहीत, बैलाला गोंडा घेतील. दुकान मी चालवते. नवरा आत गादीवर बसतो. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, आमच्यात तसंच बोलतात. लिहिताना नाही करणार. लिहिताना तो. तेवढी मोकळीक मला द्या.

त्याचा पाय याच उतारावर गेला. कापसाचे दिवस होते. तेव्हा उतारावरून सगळंच जायचं: ऑटो, मोटरसायकली, हातगाड्या, हिंगणघाटकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या, आणि मधेच बसकण मारलेली एखादी गाय. एक ट्रॅक्टर कापसानं भरलेली ट्रॉली घेऊन वर चढत होता. ट्रॉलीची पिन तुटली आणि ट्रॉली उलटी खाली आली. तो ओट्यासमोर उभा राहून गिऱ्हाइकाला माळ दाखवत होता. गिऱ्हाइकानं उडी मारली. यानं माळ सोडली नाही, आणि ओटा नि चाक यांच्यामधे पाय सापडला. मी आत होते. जो आवाज ऐकला तो मला लिहिता येणार नाही, आणि आला असता तरी लिहिला नसता. गुडघ्याखालून पाय कापला डॉक्टरांनी.

तिथून आमच्या घरात मारामारी सुरू झाली.

मारामारी तरी कशाला म्हणू, मारणारा एकच होता. आधी पाण्याचा गडवा म्हणजे तांब्या आला. मग किलोचं वजन. मग हाताशी असेल ते. बसल्या जागेवरून माणूस चालून येऊ शकत नाही, पण वस्तू येते, आणि नेम त्याचा पहिल्यापासून चांगला. ताट द्यायला, पट्टी बदलायला जवळ गेले की केस मुठीत यायचे. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. एक दिवस कात्री घेतली आणि मानेपर्यंत कापून टाकले. बायका म्हणाल्या, नवऱ्याचा पाय गेला आन् हिले फॅशन सुचून राह्यली. अवमाय! हसावं की त्याच कात्रीनं त्यांची जीभ कापावी, कळेना.

आणि सगळ्यांची माया त्याच्यावर. "सोसा भाभी, त्याच्या जिवाले किती तरास असन." होता त्याच्या जिवाला त्रास, कोण नाही म्हणतं? उभा माणूस बसला, पोळ्याच्या दिवशी बैलांपुढे धावणारा माणूस गादीला चिकटला. पण माझ्या कपाळाला टाके पडले होते, ते काय कुंकवाचे होते? मी रडत बसणारी नाही. मी उलट ओरडायचे, शिव्या द्यायचे, शेजारपाजार गोळा होईपर्यंत द्यायचे. हात मात्र नाही उचलला कधी. पाय नसलेल्या माणसावर हात उचलायचा कसा, एवढीच माझी अडचण होती.

त्याला हातानं फिरवायची तीनचाकी सायकल मिळाली होती. ती मागच्या खोलीत गंजत पडली. कारण दारातून बाहेर काढली की उतार. वर जायचं तर चढण उभी, दोघांनी ढकलावं लागायचं, आणि पुढून-मागून गाड्या अंगावर. खाली जायचं तर ब्रेक धरत नव्हता. एकदा मी आणि शेजारच्या एकानं ढकलत काढलं. अर्ध्यावर गेलो तोच एक मालाचा टेम्पो हॉर्न मारत इतका जवळून गेला की सायकल थरथरली. तो तिथेच किंचाळला, "घरी घ्या मले, घरी घ्या!" भर बाजारात, सगळ्यांसमोर. घरी आणलं. त्या दिवशी फेकलेल्या वरवंट्यानं आमचा पाटा फुटला, आणि वरवंटा मला लागला नाही ही त्याची नाही, पाट्याची कृपा. उतारावर त्याला भीती वाटली की घरी मला मार, असं ते बांधलेलं होतं.

म्हणून नगरपालिकेनं बैठक बोलावली तेव्हा दुकान बंद करून मी गेले. बायकांत मी एकटी. एक तरुण मॅडम नकाशा घेऊन आल्या होत्या. उतारावर गाड्या बंद करायच्या, म्हणाल्या. एका अंगाला वळणं घेत चढणारा सावकाश रस्ता, लोखंडी कठड्याचा, म्हाताऱ्या माणसांसाठी, चाकाच्या खुर्चीसाठी. दुसऱ्या अंगाला मातीचे वाफे, त्यात कडुनिंब, बहावा, करंज. पावसाचं पाणी धो धो नाल्यात जाण्यापेक्षा या वाफ्यांत मुरेल. वळणावळणाला बाक. मधे रुंद दगडी पट्टी, मिरवणुकीसाठी, पोळ्यासाठी. बाकी कोणी काय ऐकलं मला माहीत नाही. मला फक्त "चाकाची खुर्ची" ऐकू आलं.

शेजारचा कापडवाला शेठ उठला. "गाडी दारात नाई आली त गिऱ्हाईक येईन काऊन?"

मी म्हटलं, "शेठ, तुमच्या दुकानात बाया गाडीवर बसून लुगडं नेसतेत काय?"

लोक हसले. शेठ नाही हसला. त्या दिवसापासून त्यानं माझ्याकडे पाहून खाकरायला सुरुवात केली.

काम निघालं तेही मारामारीनंच. जुने ओटे पाडायचे होते. ओटा म्हणजे दुकानदाराचं पोट, तिथंच माल मांडतो, तिथंच गिऱ्हाईक टेकतं. जेसीबी आला तसे लोक ओट्यांवर आडवे पडले. कोणीतरी दगड मारला, जेसीबीची काच फुटली, चालवणाऱ्याच्या कानामागून रक्ताची धार लागली. शेठनं एका मजुराच्या थोबाडीत दिली. मजुरानं हातातलं घमेलं शेठच्या पाठीत घातलं, सिमेंटसकट. पोलिसांनी काठ्या काढल्या. मॅडमच्या ओढणीला कोणीतरी हात घातला. मी त्या हाताला चावले. कोणाचा होता ते पाहिलंच नाही, चव मात्र तंबाखूची होती.

मग मी जेसीबीवाल्यापुढे जाऊन उभी राहिले. "आमचा ओटा आधी पाडा."

आतून नवरा ओरडत होता, "हात नाई लावाचा ओट्याले! बापाचा ओटा हाय माह्या!" मी ऐकलं नाही. त्या ओट्याला लागून त्याचा पाय पिचला होता. जेसीबीचा दात ओट्यात घुसला, विटा सुटल्या, धूळ उडाली, आणि पाहताना मला इतका आनंद झाला की माझीच मला भीती वाटली. संध्याकाळी त्या आनंदाची किंमत मोजली, डाव्या खांद्यावर. पण मोजली ती खुशीनं.

मधल्या पट्टीच्या दगडावरून परत वाद झाला. मॅडमनी खरबरीत दगड दाखवला होता. दुकानदार सगळे एकजात म्हणाले, हा काय दगड हाय? गोठ्यात घालाचा हाय काय? चमकला पायजे. आपल्या बाजाराची शान दिसली पायजे. रोज कामावर येऊन काम अडवून धरायचे. शेवटी मिळाला त्यांना चमकणारा. मला मधल्या पट्टीशी काय घेणंदेणं? माझं सगळं लक्ष कठड्याच्या रस्त्यावर.

उन्हाळ्यात उतार खुला झाला. गाड्या बंद. पहिले काही दिवस लोक पाहुण्यांसारखे चालले, पाय कुठे ठेवावा कळत नसल्यासारखे. मग बायका बाकांवर बसायला लागल्या, पिशव्या पायाशी ठेवून. झाडं गुडघ्याएवढीच होती, सावली कसली द्यायची, पण लोक त्यांच्या जवळ जाऊन बसायचे.

एक दिवस सकाळी आतून आवाज आला, "सायकल काढ."

मी काढली, तेल घातलं, पुसली. तो बसला. मी मदतीला गेले नाही. गेले असते तर तिथेच एक बसली असती. दुकानाच्या दारातून पाहत राहिले. एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्या हातानं कठडा धरायचा. पहिल्या वळणाला थांबला, धापा टाकत. मी मनात म्हटलं, परत फिरू नका, देवा, परत फिरू नका. नाही फिरला. चढत गेला वर चौकापर्यंत. दुपारी आला तो तर्रीपोह्याचा वास घेऊन, शर्टावर तर्रीचा डाग पाडून, घामानं न्हाऊन. जेवला, आडवा झाला, घोरायला लागला. त्या दिवशी घरात काही फुटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग रोजचंच झालं: सकाळी वर, दुपारी घरी. चौकात त्याचा एक अड्डा झाला. हिंगणीचा कोणी, तळेगावचा कोणी, जुने गिऱ्हाईक भेटायचे, तो त्यांना बैलांची पारख सांगायचा. घरी येऊन मला सांगायचा, मला! ज्या तोंडानं वर्षानुवर्षं शिव्याच दिल्या त्या तोंडानं.

मी मनाशी पक्कं धरलं. उतार आहे तोवर माझं डोकं शाबूत आहे. उतार गेला की आपण परत गडव्यावर आलो. कोणाला सांगितलं नाही, पण झाडांना पाणी घालायला मी सगळ्यात आधी उठायचे ते झाडांच्या प्रेमानं नाही.

मग पोळा आला.

आमच्याकडे पोळा वर चौकामागच्या आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेवर भरतो. आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, जोड्या रांगेत उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी होतात, आणि तोरण तुटलं की पोळा फुटला. मग जोड्या वाजतगाजत उतारावरून खाली येतात. दोन्ही अंगांच्या दुकानदारांच्या बायका दारासमोर ताट घेऊन उभ्या. बैलाच्या पायांवर पाणी घालायचं, कपाळाला कुंकू लावायचं, तोंडात घास द्यायचा, धन्याच्या हातावर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे ठेवायचे. शेतकऱ्यांचे बैल आणि व्यापाऱ्यांच्या घरच्या बायका, वर्षातून एकदा हा मान. हा मान सोडायचा नाही, हे आम्हाला सून म्हणून उंबरठा ओलांडतानाच कळतं.

पूर्वी उतार म्हणजे खड्डे पडलेलं डांबर. कितीही पाणी घाला, पिऊन टाकायचं. यंदा नवा दगड, नवी हौस. सकाळपासून प्रत्येकीनं आपापल्या दारासमोरचा उतार धुतला. आम्हीही धुतला. शेठच्या घरून तर पाइपच लावला होता. वरून रांगोळ्या. बैल यायला लागले तशा बादल्यांवर बादल्या. वरच्या घरचं पाणी खालच्या दारात, त्याच्यावर खालचीचं. पोरांनी गुलाल उधळला. पाणी, रांगोळी, गुलाल, त्याचा सारा राडा झाला मधल्या पट्टीवर, आणि खाली चमकणारा दगड. एकीच्याही डोक्यात आलं नाही. काय सुंदर दिसते ना, असं मीच म्हटलं होतं कोणालातरी.

पहिल्या जोड्या कशाबशा उतरल्या. मग एक पांढरी जोडी आली, आमच्या जुन्या गिऱ्हाइकाची. गावाच्या कडेला शेती आहे त्याची, दरवर्षी लाल गोंडे आमच्याकडूनच नेतो. आमच्या दुकानावरून पुढे गेला, उताराच्या वळणाखाली दिसेनासा झाला, आणि मागे कोणीतरी फटाक्यांची लड लावली. मी वळणापर्यंत धावले तेव्हा आतल्या अंगाचा बैल पुढच्या पायावर घसरला होता. उठायला गेला, परत घसरला. वजनानं घरंगळत जाऊन वाफ्याच्या सिमेंटच्या कडेवर पडला, आणि तो आवाज आला. मी आधी एकदा ऐकलेला.

मग कल्लोळ. कासऱ्यानं बांधलेला दुसरा बैल त्याच्यावर ओढला गेला. मागच्या जोड्या बुजल्या, उधळल्या, त्याच राड्यावरून. एका माणसाच्या मांडीत शिंग गेलं. बायका ताटं टाकून दुकानांत घुसल्या. लेकरं बाकांवर चढवली लोकांनी. म्हाताऱ्या माणसांना ढकलून वाफ्यात पाडलं बैलांच्या भीतीनं. आणि त्या सगळ्यावर त्या बैलाचा हंबरडा. बैल असा ओरडतो हे मला माहीतच नव्हतं. त्याचा धनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन छाती बडवत होता, "माह्या राजा, ऊठ ना रे, ऊठ ना."

शेतकरी दुकानदारांवर धावले, दुकानदार शेतकऱ्यांवर. तुमच्या फटाक्यानं झालं, तुमचा बैल मस्तवाल, कोणाचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त फटके ऐकू येत होते. आणि मग शेठ ओरडला, सगळ्यांच्या वर, "म्या सांगलं होतं! हा उतार जीव घेईन म्हणून सांगलं होतं! फोडा हा उतार!"

क्षणात भांडण मिटलं. एवढ्या वेळ एकमेकांची डोकी फोडणारे एक झाले. माझ्या दुकानात घुसले आणि भिंतीच्या सब्बली, कुदळी उचलल्या. माझ्याच दुकानातल्या! कठड्यावर पहिला घाव पडला तेव्हा मला वाटलं माझ्या कवटीवर पडला.

मी जाऊन कठड्याच्या रस्त्यावर आडवी उभी राहिले. "पाणी कोनं ओतलं?" मी ओरडले. "म्या ओतलं, तुमी ओतलं, शेठच्या घरून पाइप लावला! सकाळपासून उतार न्हाऊ घातला आपन! रांगोळी घातली, गुलाल घातला! बैलाले आपन पाडलं, लेकहो, दगडाले काय मारता?"

कुदळी हवेतच थांबल्या. मला वाटलं, ऐकलं. ऐकलं होतंच. म्हणूनच जास्त भडकले.

"बैलाचे पाय धुनं पाप हाय म्हनते हे बाई!" मागून बाईमाणसाचा आवाज आला. "पोळ्याच्या दिवशी पूजेले नावं ठेवते!"

ज्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला जाते त्या बायकांनी माझे दंड धरले. बैलवाल्याचा भाऊ पुढे आला, हातात बैल हाकायची पराणी. मारू नको, असं कोणीच म्हटलं नाही. काठी कपाळावर बसली, जुन्या टाक्यांच्या शेजारीच. डोळ्यांत रक्त उतरलं. पण घरचा मार खाऊन खाऊन मला एक गोष्ट चांगली कळली होती. पहिल्या फटक्याला खाली बसलं की संपलं. मी बसले नाही. दंड सोडवले, समोरच्या एका जवान पोराच्या हातातून सब्बल हिसकली आणि फिरवली. डोळे मिटून फिरवली. कोणाला लागली का, माहीत नाही. लागली असती तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं, आणि खरं सांगते, आताही कधीकधी वाटतं.

लोक मागे सरले. माझ्यासमोरून सरले आणि वरच्या अंगाला गेले. तिथे कोणी आडवं नव्हतं. पोलीस येईपर्यंत वरचा सगळा कठडा वाकवून उपटला, रस्त्याची वळणं फोडली, झाडं मुळासकट काढून नाल्याकडे फेकली. बैलाला टेम्पोत घालून नेलं. तो ओरडायचा थांबला होता, ते जास्त वाईट होतं.

पुढे उताराचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण त्या संध्याकाळचं सांगून झाल्यावर मला दुसरं काही सांगावंसं वाटत नाही. नगरपालिकेनं बऱ्याच महिन्यांनी तो परत बांधला. मधला दगड टाकीनं खरबरीत करून घेतला, कठडा परत बसवला, नवी झाडं लावली. बैलांचे पाय आता खाली नाल्याजवळ मातीवर धुतात, आणि आपणच ही युक्ती काढली असं शेठ सांगत फिरतो. त्याची सून रोज संध्याकाळी बाकावर बसते, बहाव्याखाली. नवरा परत वर चौकात जातो. लोक मला म्हणतात, "उतार सुधारला आन् तुमचे मालकही सुधारले, भाभी." म्हणू द्या. मधले ते महिने, उतार मोडून पडला होता आणि तो गादीवरून हलू शकत नव्हता, तेव्हाही आमच्या घरात काही फुटलं नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार?

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा सब्बल हातातच होती. मूठ उघडतच नव्हती. पदर रक्तानं भिजलेला. दुकानात दिवा लावलेला नव्हता. तो गादीवर बसून होता. भिंत रिकामी.

"कठडा?" त्यानं विचारलं.

"उपटला."

"रस्ता?"

"फोडला. वरचा सारा."

त्याचा हात बाजूला गेला. हात कसा जातो ते मला पाठ आहे. आधी चाचपडतो, मग वजन जोखतो, मग उचलतो. बाजूला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा होती, मोठी. ती उचलली. ज्याच्यासाठी सगळ्या गावाशी भांडले, ज्याच्यासाठी मार खाल्ला, तो उतार गेला होता, आणि आता माझा नंबर. मला भीती वाटायला हवी होती. मला भयंकर राग आला. इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेला सगळाच्या सगळा.

मी सब्बल दोन्ही हातांनी वर केली.

"फेका," मी म्हटलं. "फेकूनच दाखवा. पाय नाई म्हणून आजवर सोडलं तुमाले. आज नाई सोडत. देवाशपथ डोकं फोडीन."

तो पाहत राहिला. हात हवेत तसाच. घंटा आपोआप वाजत होती. मी सब्बल खाली घेतली नाही. माझ्याही हातांची तीच गत होती, पण सब्बल वाजत नाही.

मग तो म्हणाला, "कपाळ कोनं फोडलं?"

"बैलवाल्याच्या भावानं."

"काऊन?"

"तुमच्या रस्त्यापायी."

त्यानं विचारलं, "बैल मेला?"

"नाई. पाय मोडला."

घंटा खाली आली. फेकली नाही, हातासकट खाली आली, मांडीवर. तो तिच्याकडे पाहत बसला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पाय मोडलेला बैल कोन ठेवते? काढून टाकतीन त्याले."

"तुमाले ठेवलं ना म्या," मी म्हटलं.

त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मी आत गेले. सकाळच्या पुरणपोळ्या झाकून ठेवलेल्या होत्या. ताट केलं, वर तूप घातलं, आणून त्याच्यासमोर ठेवलं. सगळं एका हातानं. दुसऱ्या हातात सब्बल होती, आणि त्याचं जेवण होईपर्यंत मी ती खाली ठेवली नाही.